स्वयंपाकघर नव्याने करताना: मापे आणि साहित्य

नानाखेड्यासारख्या उज्जैनच्या नव्या वसाहतींत घर घेतलेल्यांसाठी

- कार्यत्रिकोण: शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, तिन्हींची बेरीज जास्तीत जास्त २६ फूट. ही कल्पना १९४० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विकसित झाली.
- ओटा: उंची साधारण ३२ ते ३४ इंच, खोली २४ इंच.
- भिंतीवरची कपाटे: ओट्यापासून १८ ते २४ इंच वर, खोली सुमारे १२ इंच.
- दगड: कडाप्पा आणि कोटा हे चुनखडीचे दगड, लिंबू, चिंच, व्हिनेगरने डागाळतात. ग्रॅनाइट आम्लाला अधिक टिकतो.
- लाकूडकाम: सिंकखाली ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे जलरोधक प्लायवूड.
- वीज: ओव्हन, गीझरसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट.
- गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाल्यास तळाशी साचतो. सिलिंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला झरोके आवश्यक.
- कामाचा क्रम: तोडफोड, नळ व वीज, ओटा, फरशी व टाइल्स, रंग, शेवटी कपाटे.