बी.कॉम., सीए आणि परदेश : कोणता कागद कुठे चालतो?

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला इथलं सीए करायला लावू, की थेट बाहेर चालेल असं काहीतरी?" उल्हासनगरात हा प्रश्न विचारणाऱ्या घरातलं कोणीतरी दुबईत असतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या वडिलांचा मेहुणा कॅनडात गेलेला असतो. बदलापूरच्या नव्या सोसायटीतल्या आईनं ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणीकडून काहीतरी ऐकलेलं असतं. प्रत्येकाची माहिती थोडी खरी असते आणि थोडी अर्धवट. त्या अर्धवट माहितीवर दोन-तीन लाखांची फी भरली जाते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. वर्गात हा प्रश्न येतो तेव्हा आपल्या शिक्षकांनाही उत्तर देता यायला हवं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. "डिग्री तिकडे चालते का?" हा एक प्रश्न नाही, त्यात चार प्रश्न आहेत. विद्यापीठाची पदवी तिकडच्या पदवीच्या तोडीची मानतात का, हा पहिला. व्यावसायिक संस्था, म्हणजे तिकडची सीए किंवा सीपीए संस्था, तुम्हाला सदस्य करून घेते का, हा दुसरा. ऑडिट रिपोर्टवर सही करायचा परवाना मिळतो का, हा तिसरा. आणि व्हिसासाठी तुम्हाला 'अकौंटंट' म्हणून गुण मिळतात का, हा चौथा. चारही उत्तरं वेगवेगळी कार्यालयं देतात, आणि एकाचं 'हो' दुसऱ्यावर बंधनकारक नसतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बदलापूरची. मुंबई विद्यापीठातून बी.कॉम., मग सीए. लग्नानंतर टोरांटोला गेली. जाण्याआधी डब्ल्यूईएस या संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घेतलं होतं. हातात छान छापील रिपोर्ट होता, त्यामुळे तिला वाटलं, झालं काम. ऑडिटच्या जागांसाठी अर्ज करत राहिली. जवळजवळ वर्ष गेल्यावर तिला कळलं की तो रिपोर्ट इमिग्रेशनसाठी आणि शिक्षण दाखवण्यासाठी आहे. व्यवसायाचं नियमन तिथे प्रांताप्रांतात वेगळं आहे, आणि प्रांताची सीपीए संस्था शिक्षण, सीए आणि अनुभव हे सगळं स्वतः नव्यानं तपासते. मधल्या काळात तिनं एका छोट्या ऑफिसात बिलं नोंदवायचं काम केलं. हुशार मुलगी, चूक तिची नव्हती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दुसऱ्याचं समजून घेतलं, एवढंच.

आता अक्षरांचा घोळ. सीपीए म्हणजे एकच पदवी नाही. अमेरिकेचं सीपीए वेगळं, सीपीए ऑस्ट्रेलिया ही वेगळी संस्था, कॅनडाचं सीपीए तिसरंच. कॅनडात पूर्वी सीए, सीजीए आणि सीएमए अशा तीन पदव्या होत्या, त्यांचं एकत्रीकरण २०१३ पासून सुरू झालं आणि त्यातून आजचं सीपीए आलं. सीएमएचंही तसंच. आपल्याकडे सीएमए म्हणजे कॉस्ट अकौंटंट. त्या संस्थेचा कल्याण-अंबरनाथ चॅप्टर आपल्याच भागात आहे. पण जाहिरातीत 'यूएस सीएमए' दिसतं ते आयएमए नावाच्या अमेरिकन संस्थेचं प्रमाणपत्र. नाव सारखं म्हणून एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

एसीसीएबद्दल तर हमखास विचारतात. ही लंडनची संस्था, १९०४ मध्ये स्थापन झालेली, आणि अनेक देशांत तिला मान आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मुंबई-पुण्यातल्या ऑफिसांत एसीसीए झालेल्या मुलांना नोकऱ्या मिळतात, हेही खरं. पण काही ठिकाणी ते "परदेशी सीए" म्हणून विकलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे. भारतात कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही फक्त आपल्या सीए संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा, प्रॅक्टिस करणारा सदस्य करू शकतो. मूल एसीसीए किंवा अमेरिकन सीपीए झालं आणि पाच वर्षांनी आईवडिलांसाठी परत आलं, तर त्याला नोकरी मिळेल, पण अंबरनाथमध्ये स्वतःची ऑडिट फर्म उघडता येणार नाही. फी भरण्याआधी हे वाक्य पालकांना कोणीतरी सांगायला हवं.

हे सगळे देश इतके आडमुठे का, असं वाटेल. पण आपलाच इतिहास बघा. १९१३ च्या कंपनी कायद्यानंतर इथे ऑडिटरला सरकारी प्रमाणपत्र लागू लागलं. इंग्लंडच्या ठरावीक संस्थांचे सदस्य असलेल्यांना वाट मोकळी होती. आपल्या माणसांसाठी मुंबईत १९१८ मध्ये जी.डी.ए. म्हणजे सरकारी लेखा पदविका सुरू झाली. पुढे तिसाच्या दशकात 'रजिस्टर्ड अकौंटंट' आले, आणि १ जुलै १९४९ ला आयसीएआय स्थापन झाली, तेव्हा कुठे या व्यवसायाची सूत्रं आपल्या हातात आली. (आपलं उल्हासनगर त्या नावानं ओळखलं जाऊ लागलं तेही १९४९ मध्येच, म्हणून मुलांना हे साल चटकन लक्षात राहतं.) बाहेरून आलेल्याला सही करू द्यायची का, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. आपणही तेच करतो. ऑडिटरच्या सहीवर बँक कर्ज देते, माणसं शेअर घेतात. त्यामुळे सही करणाऱ्याला तिथला कायदा माहीत आहे, याची खात्री त्यांना हवी असते.

म्हणूनच काय सोबत जातं आणि काय मागे राहतं, हे विषयवार समजून घ्या. अकरावीत आपण शिकवतो तो दुहेरी नोंदीचा नियम जगात कुठेही तोच. तेरीज जुळली पाहिजे, ही अटही तीच. आपले इंड एएस हे हिशेबाचे मानक आंतरराष्ट्रीय मानकांना धरून केलेले आहेत आणि मोठ्या कंपन्यांना ते २०१६ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाले. त्यामुळे इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्याला तो भाग फार परका वाटत नाही. अमेरिकेत मात्र त्यांचे स्वतःचे नियम, यूएस गॅप. मागे राहतं ते जीएसटी, आयकर आणि कंपनी कायदा, म्हणजे मुलांनी रात्र रात्र जागून पाठ केलेलं सगळं. तिकडे जे पेपर उरतात ते बहुतेक कर आणि कायद्याचे असतात, ते यामुळेच.

पेपर कमी होतात ते करारांमुळे. आयसीएआयचे इंग्लंड-वेल्सच्या आयसीएईडब्ल्यूशी, सीपीए ऑस्ट्रेलियाशी, तसंच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सीए संस्थेशी करार झालेले आहेत. करार म्हणजे आपोआप सदस्यत्व नव्हे. पूर्ण सीए झालेल्याला बऱ्याच पेपरांतून सूट मिळते, उरलेलं द्यावं लागतं. हे करार मुदतीचे असतात आणि नूतनीकरणात अटी बदलतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या चुलतभावाची माहिती आज लागू असेलच असं नाही. आणि सीए इंटरपर्यंत पोचून सोडून दिलं असेल तर सदस्यांसाठीच्या या कराराचा उपयोग होत नाही. "अर्धं इथे, अर्धं तिकडे" हा बेत बहुधा महागात पडतो.

ऑस्ट्रेलियाबाबत आणखी एक. २ मार्च २०२३ ला भारत आणि ऑस्ट्रेलियानं एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याच्या व्यवस्थेवर सह्या केल्या. बातमी आली आणि अनेकांना वाटलं, आता सगळंच खुलं झालं. ती व्यवस्था पदवीपुरती, म्हणजे वरच्या पहिल्या प्रश्नापुरती आहे. व्यवसायाची नोंदणी तिच्यात येत नाही. व्हिसासाठी अकौंटंटचं कौशल्य तपासण्याचं काम तिथल्या व्यावसायिक संस्था करतात आणि त्या कोणकोणते विषय शिकलात हे एकेक करून बघतात. इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही लागतात.

अमेरिकेशी आयसीएआयचा असा करार नाही. सीए झालेल्यालाही सीपीएची परीक्षा पूर्ण द्यावी लागते. तीन विषय सक्तीचे, चौथा तीनपैकी एक निवडायचा, अशी रचना जानेवारी २०२४ पासून आहे. उत्तीर्ण व्हायला ७५ लागतात. ही परीक्षा आता मुंबईतही देता येते, त्यामुळे तिचे क्लास वाढलेत. पण खरी अडचण परीक्षेच्या आधी आणि नंतर आहे.

आधीची अडचण क्रेडिटची. परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं, आणि वर्षानुवर्षं नियम १५० क्रेडिटचा राहिला आहे. परीक्षेला बसायला अनेक राज्यांत १२० पुरतात. आपली तीन वर्षांची बी.कॉम. तिकडे वर्षाला ३० या हिशेबानं साधारण ९० भरते. म्हणून मुलं एम.कॉम. करतात किंवा सीए जोडून दाखवतात. इथे एक गंमत, खरं तर गंमत नाही, फसगत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या तीन वर्षांच्या पदवीवर किमान १२० क्रेडिट छापून येतात, चार वर्षांच्या पदवीवर १६०. ते आकडे बघून पालक म्हणतात, "सर, १२० तर झालेच की!" आपलं क्रेडिट आणि त्यांचं क्रेडिट ही वेगळी मापं आहेत. मूल्यमापन करणारी संस्था स्वतःच्या मापानं मोजते. यूजीसीनं २०२१ मध्ये सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं, त्याचा आधार देता येतो, पण तिकडची संस्था तो मानेलच असं नाही. अलीकडे काही राज्यांनी १५० ऐवजी पदवी आणि जास्त अनुभव असा पर्याय द्यायला सुरुवात केली आहे. म्हणून आधी राज्य ठरवा, मग अर्ज.

नंतरची अडचण अनुभवाची. चारही पेपर पास झालं म्हणजे नावापुढे सीपीए लावता येत नाही. परवान्यासाठी कामाचा अनुभव लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी परवानाधारक सीपीएनं प्रमाणित करावा लागतो. इथल्या सीएच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिपवर सही करणारा असा माणूस कुठून आणणार? क्लासच्या माहितीपत्रकात हा मुद्दा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो, असलाच तर.

आखाताचं गणित सोपं आहे. तिथे जाणारी आपली बहुतेक मुलं कंपनीच्या अकौंट्स विभागात नोकरी करतात, ऑडिटवर सही करत नाहीत. तिथे प्रश्न साक्षांकनाचा. दुबईसाठी पदवी आधी विद्यापीठाकडून पडताळून, मग मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा वकिलातीचा शिक्का. सौदीत मात्र अकौंटंटला तिथल्या सोक्पा या संस्थेकडे नोंदणी करावी लागते.

आता तुमच्या-आमच्या हातात असलेली गोष्ट, कागद. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावरून. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. उदाहरणार्थ 'पाटील स्नेहा सुरेश सुनीता'. परदेशी कारकून ते वाचतो तेव्हा पाटील हे पहिलं नाव आणि सुनीता हे आडनाव समजतो. पासपोर्टवर ती 'स्नेहा सुरेश पाटील' असते आणि लग्नानंतर आणखी काही. सिंधी आडनावांत 'वाणी' लिहिताना इंग्रजीत व्ही की डब्ल्यू, हा फरक दहावीच्या आणि पदवीच्या कागदांत कितीतरी मुलांचा असतो. दहावीचा फॉर्म भरतानाच स्पेलिंग पासपोर्टशी किंवा आधारशी जुळवून घ्या. शिक्षकांनो, हे आपलं काम आहे. तेव्हा एका मिनिटात होतं, नंतर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रापर्यंत जातं.

विषयांचा अभ्यासक्रम जपून ठेवा, त्या त्या वर्षाचा. कौशल्य तपासणारी संस्था विचारते की 'ऑडिटिंग'मध्ये नेमकं काय शिकलात, आणि दहा वर्षांनी जुना अभ्यासक्रम कॉलेजच्या कपाटात सापडेलच असं नाही. आर्टिकलशिपचे कागद, सोडल्याचं पत्र, नोकरीच्या पत्रात कामाचं नीट वर्णन, हे सगळं माणूस समोर असतानाच घ्यावं. सीए झाला असाल तर परदेशात गेल्यावर आयसीएआयची वार्षिक फी थांबवू नका. सदस्यत्व चालू आहे आणि तक्रार नाही, असं 'गुड स्टँडिंग'चं पत्र तिकडची संस्था मागते, आणि ते चालू सदस्यालाच मिळतं.

गुणांचंही एक सांगून ठेवतो. सीएला प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. ५४ टक्के मिळवून सीए झालेला मुलगा इथे पेढे वाटतो. तिकडे ५४ हा आकडा नापासासारखा दिसतो. अर्जासोबत उत्तीर्णतेचा निकष सांगणारा संस्थेचा अधिकृत कागद जोडला की हा गैरसमज टळतो.

आणि ट्रान्सक्रिप्ट. डब्ल्यूईएससारख्या संस्था ते तुमच्या हातून घेत नाहीत, विद्यापीठानं थेट किंवा सीलबंद पाठवावं लागतं. मुंबई विद्यापीठाचं परीक्षा भवन कलिन्याला आहे. बदलापूरहून कुर्ला आणि पुढे रिक्षा किंवा बस, म्हणजे अख्खा दिवस. मूल इथे असतानाच अर्ज करा, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका सोबत न्या, केटी लागली असेल तर त्या वेळची नापास गुणपत्रिकासुद्धा. एकापेक्षा जास्त प्रती मागून घ्या. मूल तिकडे पोचल्यावर हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गळ्यात पडतं, मग अधिकारपत्र नाही म्हणून पहिली फेरी फुकट जाते.