अंमली व्यापार आणि न्यायाचा तराजू

वाचकहो, न्यायदेवतेच्या हातीं तराजू दाखविण्याची चाल आहे. अंमली पदार्थांच्या चोरट्या व्यापाराच्या खटल्यांत मात्र खराखुरा तराजूच शिक्षेचा पहिला निर्णय करितो. तो कसा, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

ह्या गुन्ह्यांसाठीं आपल्या देशांत १९८५ सालचा कायदा आहे. प्रारंभीं त्यांत बहुतेक गुन्ह्यांस किमान १० वर्षांची सक्तमजुरी असे; त्यामुळें किरकोळ माल बाळगणारा व्यसनी आणि बडा व्यापारी पुष्कळदां एकाच मापानें मोजले जात. हा दोष घालविण्यासाठीं २००१ सालीं वजनाच्या तीन पायऱ्या केल्या. हेरॉइन ५ ग्रॅमहून कमी, अथवा गांजा १ किलोहून कमी, ही पहिली पायरी. तिला आज १ वर्षापर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेरॉइन २५० ग्रॅमहून वा गांजा २० किलोहून अधिक, ही शेवटची. तिला १० ते २० वर्षें सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. मधल्या पायरीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाखापर्यंत दंड. हेरॉइनमध्यें दुसरी भुकटी मिसळली असली, तरी सबंध मिश्रणाचें वजन धरावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें.

पायरी ठरल्यावर न्यायाधीशाचा विवेक चालूं लागतो. आरोपीनें शस्त्र वापरलें काय, तो सरकारी अधिकारी होता काय, अल्पवयी मुलांस त्यानें ह्यांत ओढलें काय, गुन्हा शाळेंत वा शाळेजवळ घडला काय, हें पाहून किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देतां येते. परंतु शेवटच्या पायरीवर दया १० वर्षांच्या खालीं उतरूं शकत नाहीं. मालाचा धनी घरीं सुरक्षित असतो आणि चार पैशांसाठीं गांठोडें वाहणारा गरीब सांपडतो. तराजूस हा भेद कळत नाहीं. माल त्याच्या ताब्यांत होता, हें एकदां सिद्ध झालें म्हणजे ‘आंत काय होतें तें मला ठाऊक नव्हतें’ हें निःसंशय पटवून देण्याचा भार त्याच्यावरच पडतो.

व्यसनानें ग्रासलेल्यास मात्र कायद्यानें एक दार उघडें ठेविलें आहे: केवळ सेवनाचा वा अल्प मालाचा आरोप असून तो स्वेच्छेनें उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून मुक्तता मिळूं शकते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, व्यसनांत सांपडलेल्या सोबत्यास लपवूं नका, उपचारास न्या. आणि अनोळखी मनुष्याचें गांठोडें पोंचविण्याचें काम कितीही पैसे मिळत असले तरी पत्करूं नका.