केटामाइनची नशा आणि आधीच दुखणाईत शरीर

ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने पैठणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घातला. तिथे मेफेड्रोनबरोबर ४ किलोंहून जास्त केटामाइन सापडले. पैठण आपल्याला परके नाही. गोदावरी ओलांडली की आपला गेवराई तालुका जवळच. 'ही मुंबई-गोव्याच्या श्रीमंत पोरांची थेरं, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून आता भागणार नाही. शिवाय आपली मुले शिक्षणासाठी, कंपनीतल्या कामासाठी पुण्या-मुंबईला राहतात. सुट्टीत घरी येतात तेव्हा सोबत काय शिकून येतात, हे घरच्यांना कळतेच असे नाही. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही केटामाइनविषयी लिहीत आहोत, आणि तेही मुख्यतः ज्यांची तब्येत आधीच नाजूक आहे त्यांच्यासाठी.

हे औषध काय आहे?

केटामाइन हे भूल देण्याचे औषध आहे. १९६२ साली अमेरिकेत ते तयार झाले, १९७० मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. योग्य मात्रेत दिल्यास श्वास सहसा चालू राहतो आणि रक्तदाब पडत नाही, त्यामुळे मोठी यंत्रसामग्री नसलेल्या लहान रुग्णालयांना त्याचा आधार वाटतो. जनावरांच्या शस्त्रक्रियेतही ते वापरतात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी केटामाइन दिले तर घाबरू नये. तिथे भूलतज्ज्ञ तुमचे वजन, नाडी, रक्तदाब पाहून मात्रा ठरवतो आणि शेवटपर्यंत शेजारी उभा असतो. नशेसाठी घेणाऱ्याच्या शेजारी असे कोणी नसते. पुडीत किती केटामाइन आहे, त्यात आणखी काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पैठणला दोन्ही अमली पदार्थ एकाच ठिकाणी सापडले, हे लक्षात घ्या. मेफेड्रोनही नाडी आणि रक्तदाब वाढवते. दोन्ही एकत्र पोटात गेली तर हृदयावर दुहेरी ताण येतो.

दुखणाईताला धोका जास्त का?

केटामाइन घेतले की नाडी जलद होते आणि रक्तदाब चढतो. धडधाकट माणूस ते एखादे वेळी सहन करील. पण बीपी असलेल्याला, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्याला किंवा थायरॉईड वाढलेल्याला त्यातून झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. अंगात रक्त कमी असेल तर हृदय आधीच जास्त धावत असते. त्याच्यावर हा आणखी भार. आपल्याकडे कितीतरी जणांनी बीपी कधी मोजलेलेच नसते. 'मला काही आजार नाही' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा 'मी तपासलेले नाही' एवढाच असतो.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी मॅथ्यू पेरी हा प्रसिद्ध अमेरिकन अभिनेता ५४ व्या वर्षी घरच्या गरम पाण्याच्या कुंडात मृत आढळला. शवविच्छेदन अहवालात मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचा तीव्र परिणाम असे नोंदवले गेले. त्याला हातभार लावणारी कारणे म्हणून पाण्यात बुडणे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे औषध यांचीही नोंद झाली. पैसा, डॉक्टर, सोयी सगळे असलेल्या माणसाची ही गत झाली.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या, ज्यांना आपल्याकडची पोरे 'बटन' म्हणतात, यांच्याबरोबर केटामाइन घेतले तर श्वास मंदावतो. शुद्ध हरपलेल्या माणसाला उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. क्षयरोगाच्या गोळ्या चालू असतील किंवा दारूने यकृत सुजलेले असेल तर आणखी जपावे, कारण वारंवार घेतलेले केटामाइन यकृत आणि पित्तनलिकेलाही इजा करते. ज्याला पूर्वी मानसिक आजार झाला आहे, त्याला भास आणि संशय पुन्हा उसळण्याची भीती असते. गरोदर बाईने घेतले तर ते गर्भापर्यंत पोहोचते.

'उन्हाळी' समजून फसू नका

केटामाइनची सगळ्यात वाईट खूण लघवीत दिसते. सतत घेणाऱ्याच्या मूत्राशयाचे आतले अस्तर सोलवटते. दर थोड्या वेळाने लघवीला जावे लागते, आग होते, ओटीपोटात कळा येतात, पुढे रक्त पडते. मूत्राशय आकसत जाते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंडे सुजतात.

आपल्या भागात लघवीला आग झाली की 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. फडात दिवसभर कोयता चालवणारे, पाणी कमी पिणारे, अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खाणारे आपले लोक आहेत. त्यांची मूत्रपिंडे आधीच ताणलेली असतात. अशा घरातल्या तरुणाला महिनोन्महिने हा त्रास असेल, तपासणीत जंतुसंसर्ग सापडत नसेल आणि गोळ्यांनी उतार पडत नसेल, तर नशेचा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्यानेही डॉक्टरांना खरे सांगितले पाहिजे. लाजेपोटी लपवले तर चुकीचे उपचार चालू राहतात आणि नुकसान वाढते. वेळेत नशा सुटली तर पुष्कळांचा त्रास कमी होतो. उशीर झाला तर मूत्राशयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेची पाळी येते.

काय करावे?

माणूस नशेत असेल तर तो टक लावून पाहतो, बोललेले त्याला कळत नाही, अंग ताठरते, तोल जातो. याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेऊ नका. त्याला एका कुशीवर झोपवा. लिंबूपाणी, ताक काही पाजू नका, मुद्दाम उलटी करवू नका. विहीर, रस्ता, चूल यांपासून दूर ठेवा आणि एकटे सोडू नका. श्वास अडखळत असेल, झटके येत असतील, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध येत नसेल तर ताबडतोब १०८ ला फोन करा. काय घेतले हे माहीत असेल तर सांगा, पुडी असेल तर दाखवा.

सवय लागली असेल तर बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाऊन मानसोपचाराची चौकशी करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे क्रमांक मोफत आहेत.

कायद्याची भीती अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. २०११ पासून केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले आहे. २०१३ पासून ते औषधांच्या 'एक्स' अनुसूचीत असल्याने दोन प्रतींतल्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाही. जवळ बाळगणे गुन्हा आहे. पण याच कायद्याच्या ६४-अ या कलमानुसार, थोड्या प्रमाणात बाळगल्याचा किंवा सेवनाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकते.

आपण विहारात दर वेळी पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील नशेपासून दूर राहण्याचे आहे. ते मोडलेल्या मुलाला वस्तीत नावे ठेवून भागणार नाही. त्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारा माणूस हवा. पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एक बीपीचे यंत्र आणा, सगळ्यांचे बीपी मोजा आणि मुलांसमोर या विषयावर मोकळेपणाने बोला. सुरुवात तिथून करू या.