कसाऱ्याचा 'एन' आणि प्रोग्रॅममधील नावे

मध्य रेल्वेच्या फलाटावर कसारा लोकल शोधणारा नवखा प्रवासी इंडिकेटरवरील 'एन' हे अक्षर पाहून बुचकळ्यात पडतो. कल्याण, कसारा आणि कर्जत या तिन्ही नावांचे आद्याक्षर एकच. त्यातील 'के' कल्याणला मिळाला. कल्याणपुढे मार्ग दुभंगतो. ईशान्येच्या कसारा मार्गाला नॉर्थ-ईस्टचा 'एन', तर आग्नेयेच्या कर्जत मार्गाला साऊथ-ईस्टचा 'एस'. रोजच्या प्रवाशाला हा संकेत पाठ असतो. नवखा मात्र कसाऱ्याऐवजी कर्जतला पोहोचू शकतो.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो. प्रोग्रॅममध्ये माहिती साठविण्याच्या जागेला 'व्हेरिएबल' म्हणतात. त्याला नुसते 'एन' असे नाव दिले, तर लिहिणाऱ्याला त्या दिवशी अर्थ ठाऊक असतो. वर्षभराने दुरुस्तीला बसलेल्या सहकाऱ्याला नाही. 'प्रवासी_संख्या' हे नाव लांब खरे, पण ते स्वतःच अर्थ सांगते. दोन-चार ओळींच्या मोजणीपुरते एकाक्षरी नाव चालते. नावाचा आवाका जितका मोठा, तितके ते स्पष्ट हवे.

नावाइतकीच त्याची आगाऊ घोषणाही महत्त्वाची. १९५७ मध्ये आयबीएमने आणलेल्या फोरट्रान भाषेत 'आय' ते 'एन' या अक्षरांनी सुरू होणारे नाव आपोआप पूर्णांकाचे मानले जाई. घोषणेची सक्ती नसल्याने नावात एक अक्षर चुकले, तरी संगणक तक्रार न करता नवेच व्हेरिएबल तयार करी आणि उत्तर चुके. फोरट्रान ९० या प्रमाण आवृत्तीत 'इम्प्लिसिट नन' ही सूचना आली. ती लिहिली की अघोषित नाव संगणक नाकारतो.

एकक गृहीत धरण्याची किंमत नासाने १९९९ मध्ये मोजली. एका प्रणालीने दिलेले आकडे पाउंड-सेकंदांत होते. दुसरीने ते न्यूटन-सेकंद मानले. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. म्हणूनच 'भाडे' याऐवजी 'भाडे_पैसे' असे एककासह नाव देण्याची शिफारस अनेक जाणकार करतात.

शब्द जोडताना पायथॉनमध्ये अधोरेषा, तर जावामध्ये मधले मोठे अक्षर वापरण्याची प्रथा आहे. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद जुनाच. मात्र एका प्रकल्पात सर्वांनी एकच पद्धत पाळावी, यावर दुमत नाही. इंडिकेटरचा 'एन' उपयोगी पडतो, तो प्रत्येक स्थानकावर त्याचा अर्थ एकच असतो म्हणून.