निमगाव केतकी : पानमळ्याच्या सावलीतला रविवार

बारामती सोडून इंदापूरची वाट धरली की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. नीरा डावा कालवा आला, मागोमाग साखर कारखाने आले आणि या पट्ट्याचे नाव उसाशी जोडले गेले. निमगाव केतकीने मात्र खाऊच्या पानांवर नाव कमावले. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत इथे मुक्कामी येते, म्हणून वारकऱ्यांना गाव ठाऊक आहे. बाकीचे पुढच्या गावाकडे निघून जातात.

बारामतीत शिकायला आलेली परगावची मुले सुट्टीच्या दिवशी उजनीचे पाणी गाठतात. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमेकाठची गावे पाण्याखाली गेली. आता भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. किनारपट्टीवरच्या मुलांना तर एवढे पाणी पाहूनच बरे वाटते. श्रीवर्धनहून शेतीचे शिक्षण घ्यायला आलेली एक विद्यार्थिनी आमच्यासोबत होती. भिगवण, पळसदेव, नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर हे सगळे तिचे पाहून झाले होते. पानमळ्यात ती पहिल्यांदाच येत होती.

मळ्याच्या तोंडाशीच चपला काढायला लागल्या. मळ्याला देवघरासारखे मानायची इथली रीत आहे. तिला व्यवहाराचेही अंग आहे, कारण मर रोगाची बुरशी चिखलमातीतून पसरते आणि एकदा शिरली की वेलाच्या रांगाच्या रांगा सुकवते. आत शिरताच ऊन मागे राहिले. शेवरी, शेवगा आणि हादग्याच्या उंच झाडांवर नागवेली चढलेल्या, पायाखाली ओल आणि हवेत पानांचा किंचित तिखट वास.

मळ्याचे मालक साठीच्या पुढचे. वेल वाढेल तसतसा तो लव्हाळ्याने झाडाला बांधत न्यायचा. गाठ घट्ट बसली तर वेल काचतो, सैल राहिली तर सुटतो. वेल हाताबाहेर उंच गेला की तो खाली उतरवायचा, खोडाचे वेटोळे मातीत पुरायचे आणि शेंडा पुन्हा झाडाला लावायचा. पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात आणि जुना वेल परत तरणा होतो. पाने खुडताना अंगठ्याला लोखंडी नख चढवतात, म्हणजे देठ स्वच्छ तुटतो. मग प्रत निवडायची, चळती लावायच्या, ओलावा राखून करंडीत भरायचे. काकांची बोटे हे सारे करत होती आणि बोलणे वेगळेच चालू होते.

“कुठली गं तू, पोरी?”

“श्रीवर्धनची, काका.”

“मग सुपारी तुमची आन् पान आमचं!”

श्रीवर्धनी रोठा सुपारी घाटावर कोण ओळखत नाही? साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत प्रत्येक कार्यात पान-सुपारी एकत्रच मांडली जाते. कोकणातली वाडी आणि देशावरचा मळा यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ नव्याने लावली तर फळ धरायला वर्षे जातात, हे मुलीने सांगितले तेव्हा काकांचे हात थांबले. गारपीट आणि सोसाट्याचा वारा त्यांनाही ठाऊक आहे. एका रात्रीत पानाला भोके पडतात आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही.

काकांची खरी तक्रार गुटख्याबद्दल आहे. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच आणि पान मागे पडते. मजूर मिळत नाहीत, रोज हात मागणारे हे काम तरुणांना नको असते. पालखी मार्ग रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. पानमळ्याकडे वळा असे सांगणारा फलक मात्र वाटेत आम्हाला दिसला नाही. पक्षी पाहायला दुरून येणाऱ्या माणसांना शेजारचे हे कसब दाखवणे तालुक्याला अवघड नाही, फक्त ते दाखवण्याजोगे आहे असे वाटायला हवे.

उजनीकडे जाणाऱ्यांनी म्हणूनच एक सकाळ निमगावसाठी राखावी. मालकाला आधी विचारावे, अनवाणी आत जावे, वेलाला हात लावू नये. आणि निघताना पाने विकत घ्यावीत. मळा टिकायचा असेल तर कौतुकाबरोबर पानाला गिऱ्हाईकही लागते.