जुन्या चिपला हीटसिंक लावण्याआधी

आज बीबीसी मायक्रोबद्दल बोलू. १९८४मध्ये सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून हे संगणक आपल्या शाळांमध्ये आले. तुमच्यापैकी काहींनी पहिलं बेसिक यावरच गिरवलं असेल.

यातली तापट चिप म्हणजे फेरांटीची व्हिडिओ यूएलए. पडद्यावरचं चित्र तिच्याकडून येतं. सुरुवातीच्या बोर्डांवर तिला हीटसिंक लावूनच यंत्र बाहेर पडायचं. नंतरची सुधारित चिप कमी तापते, म्हणून आधी झाकण उघडून कुठली आहे ते बघा.

हीटसिंक उष्णता हवेत सोडतो, बस. हवेपेक्षा थंड तो कधीच होणार नाही. समजा चिप खोलीपेक्षा ३० अंश जास्त तापते. इंग्लंडातल्या २० अंशांच्या खोलीत ती ५०वर राहील. मी राहतो त्या नोएडात मे महिन्यात घरातच ४० अंश असले, तर ७०. हीटसिंकने तो ३०चा फरक २०वर आणला तरी ६० उरतातच! म्हणून उन्हाळ्यात दुपारी मी हे यंत्र लावतच नाही.

त्याआधी मीटर घ्या. ५ व्होल्टच्या जागी ५.२५हून जास्त दिसले, तर दुखणं वीजपुरवठ्यात आहे.

चिपची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि उष्णता वाहून नेणारी दुहेरी चिकटपट्टी वापरा. सुपरग्लू अजिबात नको. हीटसिंक ओढून काढताना चिपच मोडायची, आणि ती आता कुठेही बनत नाही. अ‍ॅल्युमिनियमची कड शेजारच्या पिनांना टेकत नाही ना, तेवढं बघून मगच झाकण लावा.