डिफरेन्शियल लॉकचा स्विच कुठे बसवावा?

पडेगावात पावसाळ्यात डांबरी सोडून शेतवाटेला लागलं, की काळी माती टायरला चिकटते. एक चाक चिखलात गरगरतं, दुसरं जागचं हलत नाही. डिफरेन्शियल वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतो. तीच सोय इथे नडते. डिफरेन्शियल लॉक, म्हणजेच लॉकर, दोन्ही चाकं एकत्र जखडतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे-मागे असे लॉक कारखान्यातूनच येतात. इतर गाड्यांत हवेवर किंवा विजेवर चालणारे लॉकर नंतर बसवतात, आणि तिथे स्विचचा प्रश्न येतो.

स्विच घ्यावा तो धूळ-पाण्याला दाद न देणारा, दिवा असलेला आणि चुकून दाबला न जाणारा. पुढच्या-मागच्या लॉकरला स्वतंत्र स्विच हवेत. मागचा चालू असल्याशिवाय पुढचा लागू नये, अशीच वायरिंग करून घ्या, कारण पुढचा लॉक लागला की स्टिअरिंग जड होतं. हवेवरच्या लॉकरला लागणाऱ्या कॉम्प्रेसरचा करंट स्विचमधून नेऊ नका. रिले लावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा.

जागा ठरवताना सीटबेल्ट लावून बसा आणि हात सहज पोहोचतो का पाहा. काचांच्या बटणांशेजारी, गुडघा लागेल तिथे किंवा एअरबॅगच्या झाकणावर स्विच नकोच. दिवा भर उन्हातही दिसला पाहिजे. कोरड्या डांबरावर लॉक राहून गेला, तर टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो आणि वळणावर गाडी सरळ रेटते. चिखल संपताच लॉक काढा.